तीन महिन्यांची शुगर आणि पंधरा मिनिटांची आठवण

"ताई, ही मशीनच खराब निघाली. पंचवीस पट्ट्यांची डबी आणली की आठ दिवसांत खलास. दुकानदार म्हणतो, पट्ट्या चांगल्या आहेत."

जुन्या जालन्यातलं घर, सकाळचे सव्वासात. मी मामांचं उपाशीपोटीचं रक्त घ्यायला गेले होते आणि सूनबाई दारातच ही तक्रार सांगत होत्या. मामा म्हणजे त्यांचे सासरे. वय सत्तरीच्या पुढे, चाळीस वर्षं मोंढ्यात एका आडतीवर मुनीम. पावकी, निमकी, दीडकीचे पाढे सगळे अजून तोंडपाठ. त्या दिवशीही मी सामान मांडेपर्यंत त्यांनी नातवाला दीडकी म्हणून दाखवली, एका दमात, कुठंही न अडखळता.

मी दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितली आणि सवयीनं बोटांकडे पाहिलं. डाव्या अनामिकेच्या टोकावर दाटीवाटीनं काळपट ठिपके होते. काही जुने, काही अगदी ताजे, एकावर अजून ओल होती. दिवसातून एकदा शुगर बघणाऱ्याचं बोट असं दिसत नाही. रक्त घेऊन झाल्यावर मी सूनबाईंना मशीन मागितली आणि मेमरीचं बटण दाबलं. त्या सकाळच्या नोंदी अशा होत्या: 6 वाजून 4 मिनिटांनी 171. 6 वाजून 19 मिनिटांनी 168. 6 वाजून 40 मिनिटांनी 174. 7 वाजून 2 मिनिटांनी 170.

मशीन खराब नव्हती. मामा शुगर तपासत होते, आकडा बघत होते, मशीन डब्यात ठेवत होते आणि जरा वेळानं "आज शुगर बघायची राहिलीच की" म्हणून पुन्हा डबा उघडत होते. प्रत्येक आकडा त्यांच्यासाठी दिवसाचा पहिलाच होता.

सहा वर्षं मी त्या घरी जात होते. मामांची तीन महिन्यांची शुगर कधी किती होती, हे मला वही न उघडता सांगता आलं असतं. पण त्यांना आठवतं का, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ती गोष्ट मला अजून सलते, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

आमच्या कामाचा पडदा म्हणजे लॅबची काचेची खिडकी. अलीकडे पेशंट बसतो, पलीकडे आम्ही. बावीस वर्षं मी पलीकडच्या बाजूला आहे. मंठ्याहून, परतूरहून, घनसावंगीहून आलेल्या रक्ताच्या नळ्या हाताळते, आणि सकाळी घरोघरी जाऊन रक्तही घेते. या कामात काही गोष्टी पेशंटच्या आधी कळतात. तपासणीच्या आधी लोक चार दिवस फिका चहा घेतात, भात बंद करतात, एरवी न जमलेलं चालणं सुरू करतात. उपाशीपोटीचा आकडा छान येतो. मग तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, म्हणजे एचबीए1सीचा, रिपोर्ट येतो आणि तोंड उतरतं. "ताई, हे कसं? मी तर काहीच गोड खाल्लं नाही." चार दिवसांचा उपास रक्तातल्या साखरेला फसवतो. तांबड्या पेशीला तो फसवू शकत नाही, कारण ती साधारण 120 दिवस जगते आणि त्या सगळ्या दिवसांची साखर अंगावर चिकटवून घेते.

ही तपासणी सापडली त्याचा किस्सा मला फार आवडतो. तेहरानमध्ये सॅम्युअल रहबार नावाचे संशोधक रक्तातल्या हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार शोधत होते. विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सरकवायचं आणि कोणता पट्टा कुठं थांबतो ते पाहायचं, असं ते काम. एका नमुन्यात एक पट्टा नेहमीच्या जागी नव्हता, जरा पुढे सरकलेला होता. चौकशी केली तर पेशंट मधुमेही. मग मुद्दाम मधुमेह्यांचं रक्त तपासलं, तर तोच पट्टा पुन्हा पुन्हा दिसू लागला. 1968 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. शोधत होते एक, हाती लागलं दुसरंच. पुढे इराणमधल्या क्रांतीनंतर ते देश सोडून अमेरिकेत गेले. आज आमच्या लॅबमध्ये या तपासणीची जांभळ्या टोपणाची नळी आली की मला तो जागा चुकलेला पट्टा आठवतो.

साखर चिकटते म्हणजे नक्की काय होतं, ते मी आमच्या भागातल्या बायकांना तव्यावरच दाखवते. ज्वारीची भाकरी भाजताना तिच्यावर तांबूस डाग पडतात. प्रथिनं आणि साखर तापली की एकमेकांत गुंततात, रंग बदलतो, खमंग वास येतो. लुई कामिय माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 मध्ये ही क्रिया मांडली. रक्तात हिमोग्लोबिनला साखर चिकटते, ती याच क्रियेची पहिली पायरी. तव्यावर जे दोन मिनिटांत होतं, ते अंगाच्या उबेत महिन्यांनी होतं, एवढाच फरक. साखर जितकी जास्त, तितकी भाकरी करपते. डोळ्यांतल्या भिंगाची प्रथिनं करपतात, रक्तवाहिन्यांच्या भिंती करपतात. आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या केसासारख्या बारीक वाहिन्याही त्यातून सुटत नाहीत.

हे सांगितलं की बायका गप्प होतात. मग कुणी तरी हमखास म्हणतं, "आमच्या बाईंनाही हल्ली इसर पडतो माय, पण वयच झालं ना आता."

वय. मामांच्या घरीही सगळे हेच म्हणत होते. वयाचा वाटा असतोच, ते कोण नाकारतं? पण 1999 साली हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरातल्या हजारो वृद्धांच्या पाहणीतून दिसलं की, मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतो. त्यानंतर इतर देशांतल्या पाहण्यांनीही धोका वाढतो हेच सांगितलं. 2023 मध्ये आयसीएमआरच्या मोठ्या सर्वेक्षणातून आपल्या देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं समोर आलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासातून साठीपुढच्या भारतीयांत 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आला. हे दोन आकडे वेगवेगळ्या बातम्यांत छापून येतात. माझ्या वाटेवर मात्र ते एकाच घरात, एकाच खाटेवर बसलेले असतात.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण तो ऊर्जा खातो 20 टक्के, तीही बहुतेक साखरेतून. पेशी साखरेवर कशी जगते, हे समजायला आमची राखाडी टोपणाची नळी पुरेशी आहे. लोकांना वाटतं, नळीत आलं की रक्त मेलं. तसं नसतं. साध्या नळीतल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. म्हणून शुगरसाठी राखाडी टोपणाची नळी लागते. तिच्यातलं फ्लोराइड ही खादाडी थांबवतं. एकदा ऐन मे महिन्यात एका खेड्यातून साध्या नळीत रक्त आलं, बसच्या डिकीतून, तीन तासांनी. पेशंट आजारी दिसत होता आणि शुगर निघाली चांगली. आम्ही तो नमुना फेकला आणि पुन्हा रक्त मागवलं. खरा आकडा धक्कादायक होता. पहिला रिपोर्ट तसाच दिला असता तर त्या माणसाचं काय झालं असतं, याचा विचार आजही नको वाटतो.

शुगर बिघडली की पेशीवर ताण येतो, असं म्हणतात. तो म्हणजे काय, हे मला पुस्तकातून नीट कळलं नव्हतं. ते कळलं माझ्या भावामुळे. तो जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलमध्ये कामाला आहे. भंगार भट्टीत वितळतं, त्याचे बिलेट होतात आणि लालबुंद बिलेट रोलरमधून जाऊन सळई होते. हे अर्ध्या जालन्याला माहीत आहे. तो एकदा जेवताना सांगत होता, "माल दाबून आला की लाइन बिघडते. सळई वाकडी निघते, गुंता होतो. मग आधी मागून येणारा माल थांबवायचा. गुंता सोडवायला माणसं वाढवायची. तरी नाही जमलं तर लाइनच बंद."

मी हातातला घास तसाच ठेवून ऐकत राहिले. पेशीत अगदी हेच होतं. प्रथिनं घडवून त्यांना नीट घडी घालणारा एक कारखाना पेशीत असतो. त्याच्यावर भार वाढला की प्रथिनं वाकडी निघतात आणि साचतात. मग पेशी आधी नवं काम थांबवते, मग घडी घालणारे मदतनीस वाढवते, आणि तरीही गुंता सुटला नाही तर स्वतःलाच संपवते. पेशीला हा गुंता कळतो कसा, हे उलगडणाऱ्या काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर या दोघांना 2014 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. लठ्ठपणा, इन्सुलिनला दाद न देणारी पेशी आणि हा गुंता यांची सांगड 2004 मध्ये हार्वर्डच्या गोखान होतामिश्लिगिल यांच्या गटानं उंदरांत दाखवली.

आता आठवणीचं. नवी आठवण पक्की व्हायची तर मेंदूच्या पेशीला नवी प्रथिनं घडवावी लागतात. गुंत्यामुळे जिचा मागचा माल थांबलेला आहे, ती पेशी नवं घडवणार कशी? ताणाखालच्या पेशीचा नवं काम थांबवणारा हा ब्रेक सतत दाबलेला राहिला की आठवण रुजत नाही, हेही उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. मामांना दीडकी येते आणि पंधरा मिनिटांपूर्वीची शुगर आठवत नाही, यात त्यामुळेच मला नवल वाटेनासं झालं. दीडकी फार जुनी, घडून, मुरून बसलेली. आजची सकाळ घडवायलाच मेंदूला जड जात होतं.

आपल्याकडचा मधुमेह जरा निराळा आहे आणि ते उमगण्यामागचा किस्सा पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. शेजारी उभे दोन सडपातळ डॉक्टर. उंचीच्या मानानं वजन मोजण्याचा जो आकडा असतो, तो दोघांचाही 22.3. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते, हेही त्यांनी लिहिलं, आणि याज्ञिकांचं जन्मवजन कमी होतं, हेही. डॉक्टरांनी स्वतःचं शरीर असं पुराव्यादाखल जगासमोर ठेवलं, याचं मला मोठं कौतुक आहे. त्याआधीच, 1993 पासून, याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची पाहणी सुरू केली होती. तिथली बाळं वजनाला कमी भरायची, पण चरबी मात्र टिकून असायची. बारीक दिसणारी आणि आतून लठ्ठ. मंठ्याच्या बसमधून उतरणारा, खांद्याची हाडं दिसणारा शेतकरी "मला कशी शुगर? मी तर वाळकुडा" म्हणतो, तेव्हा मला तो फोटो त्याच्यासमोर धरावासा वाटतो.

त्या सहा गावांतून आणखी एक धागा निघाला, तो माझ्या रोजच्या कामाचा आहे. त्या आयांपैकी निम्म्याहून जास्त जणींच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ज्यांच्यात ते फारच कमी होतं, त्यांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि तात्पुरती स्मरणशक्ती जोखणाऱ्या चाचण्यांत मागे पडली, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालं. बी-12 कमी असेल तर म्हातारपणीही विसर पडतो, पाय बधिर होतात. आणि मधुमेहात सर्रास दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 शरीरात कमी शोषलं जातं. गोळी चांगली आहे, ती आपल्या मनानं बंद करू नये, हे ठासून सांगते. पण गोळीबरोबर तपासणीही हवी.

भोकरदनकडचे एक माळकरी आजोबा होते. आयुष्यभर शाकाहारी, दहा-बारा वर्षं मेटफॉर्मिन. लेकाचं म्हणणं, "बाबा येडबडल्यागत करायलेत. बैल सोडायला जातात अन् गोठ्यात तसेच उभे राहतात." त्यांच्या डॉक्टरांनी नेहमीच्या तपासण्यांबरोबर बी-12 लिहिलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा मी मशीन पुन्हा लावली, इतका आकडा खाली होता. मग ती लाल रंगाची इंजेक्शनं सुरू झाली. तीन-चार महिन्यांनी आजोबा पुन्हा रक्त द्यायला आले आणि खिडकीतून हात आत घालताना म्हणाले, "मागल्या बारीला तुम्ही उजव्या हाताचं घेतलं होतं, आता डाव्याचं घ्या." मी जुनी नोंद काढून पाहिली. खरंच उजवा होता. सगळ्यांच्या बाबतीत असं घडत नाही. पण ज्यांच्या बाबतीत घडू शकतं, त्यांना आपण "वय झालं" म्हणून सोडून देत असू, तर तो अन्याय आहे.

दुसरा किस्सा उलट्या टोकाचा. नव्या जालन्यात एका आजींकडे रक्त घ्यायला गेले. आजी घामानं भिजलेल्या, हात थरथरत होते, मला ओळखेनात. नातू म्हणाला, "उठल्यापासून अशीच बडबडतीये." बोट टोचून पाहिलं, 48. त्या गिळू शकत होत्या, म्हणून घोट घोट साखरपाणी दिलं, तीन चमचे साखर घातलेलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, मग पोटाला काही तरी खायला घातलं आणि डॉक्टरांना फोन लावला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा. नंतर उलगडलं, की आजींनी सकाळी दोनदा इन्सुलिन घेतलं होतं. पहिलं घेतलं, हे विसरल्या आणि पुन्हा घेतलं. विसरल्यामुळे शुगर पडली. आणि अशी शुगर पडणं मेंदूला आणखी महागात पडतं: 2009 साली कॅलिफोर्नियातल्या 16,667 वयस्क मधुमेह्यांच्या नोंदींवरून दिसलं, की ज्यांची शुगर दवाखान्यात न्यावं लागण्याइतकी पडली होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश जास्त होता. एक गोष्ट दुसरीला ओढते आणि दुसरी पहिलीला.

म्हणूनच "आमच्या बाबांची शुगर अगदी शंभरवर आणून ठेवा" असा हट्ट धरणाऱ्या लेकांशी मी वाद घालते. अमेरिका आणि कॅनडात मधुमेह्यांची तीन महिन्यांची शुगर 6 टक्क्यांच्या खाली आणण्याचा मोठा प्रयोग झाला. त्यातल्या मेंदूच्या चाचण्यांचा निष्कर्ष 2011 मध्ये आला: 40 महिन्यांनी कडक उपचारवाल्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा चांगली निघाली नाही. कडक उपचारांत मृत्यू जास्त झाले म्हणून ते 2008 मध्येच थांबवावे लागले होते. म्हाताऱ्या माणसाची शुगर किती ठेवायची, हे त्याच्या डॉक्टरांनी त्याला समोर बसवून ठरवायचं असतं. शेजारच्याच्या रिपोर्टावरून ते ठरत नाही.

जालन्यात एक गोष्ट फार चांगली रुजली आहे. महिको बियाणे कंपनीचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं गणपती नेत्रालय इथं आहे. त्यामुळे शुगरवाल्यानं डोळ्याचा पडदा तपासून घ्यायचा, हे आता खेड्यातल्या माणसालाही ठाऊक आहे. पायाला जखम झाली तर दाखवायची, हेही कळलं आहे. डोळ्याचा तो पडदा घडणीनं मेंदूचाच भाग आहे. मग पडद्याची काळजी आणि मागच्या मेंदूची नाही, असं का? बी-12 ची तपासणी, गोळ्यांचा सात दिवसांचे खण असलेला डबा, इन्सुलिन घेतल्यावर कॅलेंडरवर खूण, आणि डॉक्टरांसमोर "बाबा विसरायला लागलेत" हे स्पष्ट सांगणं. यातलं बहुतेक कोणत्याही घराला परवडतं.

मामांचं पुढे काय झालं, ते सांगते. त्यांच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढून घेतला. बारीक वाहिन्यांतून रक्त कमी पोचल्याच्या खुणा त्यात होत्या. औषधं बदलली, ब्लडप्रेशर ताब्यात आणलं, शुगर पडण्याची भीती असलेली गोळी काढली. मशीन सूनबाईंच्या कपाटात गेली. मामा बरे झाले, असं मी म्हणणार नाही. पण अनामिकेवरचे ठिपके गेले, आणि आता नातू रोज सकाळी त्यांच्या हातानंच वहीत आकडा लिहून घेतो. आकडा लिहिलेला दिसला की मामा डबा मागत नाहीत.

तुमच्या घरी शुगरची मशीन असेल तर आज रात्री ती हातात घ्या आणि मेमरीचं बटण दाबा. एका सकाळच्या दोन-तीन नोंदी पाठोपाठ दिसल्या, किंवा आठ-आठ दिवस एकही नोंद नसली, तर पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टच्या पिशवीत ती मशीनही टाका.